पाणनिवळी की पाणकोळी?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यावर घोळक्याने पळणाऱ्या, दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या काळपट किड्यांना ‘पाणनिवळी’ म्हणावे की ‘पाणकोळी’, आणि ती मोठ्या पाणनिवळीचीच पिल्ले असतात काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘पाणकोळी’ हा शब्द मी टाळेन. कोळ्याला आठ पाय असतात, या किड्यांना सहा. टोकदार सोंड खुपसून भक्ष्याचा रस शोषणारे हे कीटक ढेकणाच्या, म्हणजे हेमिप्टेरा गणातले आहेत, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर शिकार करणारे खरे कोळीही असल्यामुळे ते नाव त्यांच्याकडेच राहिलेले बरे.

‘पाणनिवळी’ हा शब्द बोलण्यात सैलपणे वापरला जातो, पण ओळख पटवताना पाय पाहावेत. जेरिडी कुळातील मोठ्या पाणनिवळीचे पुढचे पाय आखूड, भक्ष्य धरण्यापुरते असतात. मधले दोन पाय वल्ह्यांसारखे चालतात, आणि मागच्या पायाची मांडी पोटाच्या टोकाच्याही बरीच पुढे जाते. प्रश्नातल्या किड्याचे अंग खांद्याशी रुंद असेल, पायांच्या जोड्या साधारण सारख्या अंतरावर असतील आणि मागची मांडी पोटाच्या टोकापाशीच संपत असेल, तर तो व्हेलिडी या वेगळ्या कुळातला, बहुधा पूर्ण वाढलेला कीटक समजावा. पिल्लू असते, तर अंग इवलेसे असूनही तंगड्या लांबच दिसल्या असत्या. पंख नाहीत म्हणून पिल्लू, असे मात्र धरू नये, कारण दोन्ही कुळांत प्रौढही पुष्कळदा बिनपंखी असतात. भिंगातून आणखी एक गंमत दिसते : नख्या पायाच्या अगदी टोकाला नसून किंचित मागे असतात, त्यामुळे पाण्याचा ताणलेला पृष्ठभाग फाटत नाही.

काठाच्या गवताजवळ संथपणे चालणारा, काडीसारखा बारीक आणि डोळे लांबट डोक्याच्या साधारण मध्यावर असलेला कीटक हायड्रोमेट्रिडी कुळातला. तो पृष्ठभागाखालच्या डासांच्या अळ्या सोंडेने टिपतो. गोल गोल गिरक्या घेणारा, चकचकीत कठीण पाठीचा कीटक तर भुंगेराच आहे, त्याला पाणनिवळी म्हणणे मला पटत नाही.

तेव्हा नोंदवहीत ‘व्हेलिडी कुळातील पाणनिवळी’ असे लिहावे. नुसत्या छायाचित्रावरून त्यापुढे जाऊन जातीचे नाव ठोकून देऊ नये.