रिपोर्टात एफएनएसी लिहिली होती, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या

ताई, तुमची हकीकत थोडक्यात अशी: गळ्याला, थायरॉइड ग्रंथीत, गाठ लागली म्हणून सतरा महिन्यांपूर्वी सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, ‘अशा गाठी बऱ्याच बायकांना असतात,’ आणि गोळ्या लिहून दिल्या. मागच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे पॅपिलरी कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, मानेतल्या एका लसिकाग्रंथीतही. आता केस होईल का, असं तुम्ही विचारता.

तुमचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. उजवीकडे १.८ सेंटिमीटरची भरीव, हायपोएकोइक (सोनोग्राफीत गडद दिसणारी) गाठ, आणि अगदी खाली ‘टायरॅड्स ४, एफएनएसी करावी’. टायरॅड्स म्हणजे थायरॉइडच्या गाठीत कॅन्सरची शंका किती, याची श्रेणी; एफएनएसी म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं. केस उभी राहील ती या शेवटच्या ओळीवर. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या पद्धतीत भरीव गाठीला २ गुण, हायपोएकोइकला २. चार झाले की चौथी श्रेणी, आणि त्या श्रेणीत १.५ सेंटिमीटरपासून पुढे सुईची तपासणी सुचवतात. गाठ १.२ ची असती तर नुसतं लक्ष ठेवा एवढीच शिफारस असती, आणि मी तुम्हाला केस करू नका म्हणालो असतो. पुढे कॅन्सर निघाला एवढ्यावरून डॉक्टरांचा निष्काळजीपणा ठरत नाही. टायरॅड्स हा कायदाही नाही, म्हणून एंडोक्राइन सर्जनचं, म्हणजे थायरॉइडसारख्या ग्रंथींची ऑपरेशनं करणाऱ्या तज्ज्ञाचं, लेखी मत लागेल.

डॉक्टर म्हणतील, ‘मी तपासणी सांगितली होती, बाई फिरकल्याच नाहीत.’ तेव्हा त्या दिवसाचा केसपेपर काढा. त्यावर एफएनएसीचा उल्लेख नसेल तर तुमची बाजू भक्कम. कागद त्यांच्याकडे असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत प्रत द्यावी लागते. भांडायला जाऊ नका, पोलिसातही नको.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. पॅपिलरी कॅन्सर बहुधा हळू वाढतो. ऑपरेशन तेव्हाही लागलंच असतं, असं समोरचा वकील म्हणेल. उशिरामुळे नेमकं काय वाढलं, हे त्याच सर्जनच्या मतात यायला हवं. भरपाई त्यावरच ठरेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची. ती निदानापासून मोजा असं आपण म्हणू शकतो, पण त्या वादात पडू नका. गोळ्या दिल्या त्या दिवसापासून धरा. म्हणजे हातात सात महिने. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते.

ऑपरेशन मात्र केससाठी एक दिवसही लांबवू नका. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला नमुना) जपून ठेवायला लॅबला आजच लेखी कळवा.