मोरजीची 'सेरेमनी' आणि भावाची झोप

प्रश्न: डॉक्टर, माझ्या भावाचा दोन वर्षांमागे पर्वरीला बाईकचा अॅक्सिडेंट झाला, मागे बसलेला मित्र गेला. तेव्हापासून रात्री दचकून उठतो, बाईकला हात लावत नाही, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. आता मोरजीला एकजण म्हणतो एका वीकेंडला मशरूम घेऊन 'सेरेमनी' केली की ट्रॉमा जातो, परदेशात डॉक्टरच देतात. खरं काय? - एक बहीण, म्हापसा

उत्तर: अर्धं खरं आहे गं, म्हणून तर पटकन पटतं. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवाना असलेले सायकियाट्रिस्ट हे देऊ शकतात, पण मशरूममधलं नशेचं द्रव्य सायलोसायबिन हट्टी डिप्रेशनसाठी, आणि पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या आजारासाठी, एमडीएमए नावाचं दुसरंच ड्रग, म्हणजे या बाबाचं औषधच चुकलंय. अमेरिकेत तर तिथल्या औषध नियामकाने (एफडीए) ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मंजुरी नाकारली, अजून एक ट्रायल करा म्हणाले.

आणि एमडीएमएच्या त्या ट्रायलमध्ये नुसती गोळी नव्हती. आधी दीड-दीड तासाच्या तीन बैठका, मग गोळीचा दिवस, आठ तास, सोफा, डोळ्यांवर पट्टी, हळू म्युझिक, दोन थेरपिस्ट शेजारी, आणि नंतर परत तीन बैठका, जे वर आलं त्याच्यावर बोलायला, आणि गोळीचा दिवस न् नंतरच्या बैठका असं तीनदा. खाडीकाठच्या खाजन शेतातलं मानस, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, माहीत आहे ना, भरतीला ते उघडं राहिलं आणि बघायला कोणी नसलं तर खारं पाणी शिरून भात जातं. औषध मानस उघडतं, बंद कधी करायचं ते बघणारा माणूस म्हणजे थेरपिस्ट. मोरजीला सोमवारी सकाळी तो माणूस फोन तरी उचलेल का?

शिवाय असले लोक आधी गोळ्या बंद करा सांगतात, ते अजिबात करू नका, एकदम सोडल्या तर त्रास वाढतो. गोळ्यांत लिथियम असेल तर सायलोसायबिनसोबत फिट येऊ शकते. घरात कोणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर अशा ट्रायलमध्ये सहसा घेतच नाहीत. आणि आपल्याकडे सायलोसायबिन आणि एमडीएमए दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, भाऊ आत गेला तर झोप कसली यायची.

ड्रग्जशिवायसुद्धा पीटीएसडीवर चालणारी थेरपी आहे, ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आठवणीवर काम) किंवा ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची बोलून केलेली थेरपी). दोन वर्षांत त्याला नुसत्या गोळ्याच मिळाल्यात असं तुझ्या पत्रावरून वाटतं, खरी चूक तिथे आहे. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात जाऊन थेरपीचं स्पष्ट विचारा, रात्री अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा (नाव बघ, तेच!). पहिल्या भेटीला तू सोबत जा, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन, आणि मोरजीचं पण डॉक्टरला सांगून टाक, ओरडणार नाहीत.