क्लासिकल वळणाचा प्रोग रॉक कुठे शोधावा

फोंड्याहून आलेला प्रश्न असा: पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वळणाचे प्रोग्रेसिव्ह रॉक (म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, थोडक्यात ‘प्रोग’) अल्बम कोणते, आणि ते शोधायचे कसे? ‘सिम्फनिक’ असा शिक्का बघून तुम्ही काही अल्बम ऐकलेत, पण पुढे साधं रॉक गाणं आणि मागे व्हायोलिनांचा ताफा, यापलीकडे काही हाती लागलं नाही.

तुमची तक्रार अगदी रास्त आहे. माझं स्पष्ट मत आहे की ऑर्केस्ट्रा बघून अल्बम निवडला की बहुतेक वेळा निराशाच होते. सुरांची बांधणी बघून निवडा.

ऑर्केस्ट्राचे प्रसिद्ध अल्बम आधी सांगून टाकतो. मूडी ब्लूजचा ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ (१९६७) मला प्रिय आहे, पण त्यात पीटर नाइटने लिहिलेला ऑर्केस्ट्राचा भाग मुख्यतः दोन गाण्यांच्या मधे येतो. बँड आणि ऑर्केस्ट्रा एकत्र वाजतात ते क्वचितच. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो (एकल वाद्य किंवा गट आणि ऑर्केस्ट्रा यांच्या संवादाची रचना) केला, तिथेही दोन्ही बाजू बराच वेळ आळीपाळीने बोलतात. रिक वेकमनचा ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ (१९७४) भव्य आहे, एकदा जरूर ऐका.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्या रचना उचलून वाजवणारे. इथे इमर्सन, लेक अँड पामरला तोड नाही. ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची १८७४ ची पियानोरचना. या तिघांनी ती १९७१ मध्ये न्यूकॅसलला प्रेक्षकांसमोर वाजवली आणि त्याचाच अल्बम निघाला. मला मात्र त्यांची ‘टोकाटा’ जास्त मोठी वाटते. ‘ब्रेन सॅलड सर्जरी’ (१९७३) या अल्बमवर ती आहे. मूळ रचना अर्जेंटिनाचा संगीतकार हिनास्तेराच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग, आणि हे रूपांतर खुद्द हिनास्तेराला पसंत पडलं होतं. मूळ आणि रूपांतर लागोपाठ ऐका, इमर्सनने काय ठेवलं आणि काय टाकलं ते लगेच कानात येईल.

आता खरी गोष्ट. रचना क्लासिकल पद्धतीने वाढते म्हणजे काय, हे एका गाण्यात ऐकायचं असेल तर जेनेसिसचं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ घ्या (‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’, १९७३). टोनी बँक्सच्या एकट्या पियानोने सुरुवात होते, मात्रांची गणितं सतत बदलत राहतात. पुढे बासरीवर एक हळवी धून येते. मग पियानोची सुरुवातीची धून सिंथेसायझरवर परत येते, पूर्ण बँड सोबत घेऊन. आणि त्यानंतर स्टीव्ह हॅकेटचं गिटार तीच बासरीची धून उचलतं आणि इतकी ताणून, रुंद करून वाजवतं की ती नवीच वाटावी. ख्याल ऐकणाऱ्या कानाला हे परकं वाटू नये, मुखडा तोच पण दर खेपेला त्याचं वजन वेगळं. ऑर्केस्ट्राचा एकही माणूस इथे नाही.

याहून खोलात जायचं तर जेंटल जायंट हा बँड. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात अस्सल उत्तर हेच. त्यांचा केरी मिनिअर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्र शिकला होता. ‘फ्री हँड’ (१९७५) वरचं ‘ऑन रिफ्लेक्शन’ ऐका: सुरुवातीला नुसते चार आवाज, वाद्य नाही, एकामागून एक शिरतात आणि प्रत्येकजण आपली वाट धरून चालतो. हा फ्यूगच, म्हणजे एकच धून वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ शिरून गुंफली जाते ती रचना. आपल्या गोव्यात दुसऱ्या आवाजाची सवय कानाला आहेच. मांडो दोन आवाजांत गातात, चर्चमध्ये चार आवाजांचा क्वायर असतो. पण मांडोत दुसरा आवाज पहिल्याच्या सोबतीने, ठरलेल्या अंतरावरून चालतो. फ्यूगमध्ये तो स्वतंत्र बोलतो. फरक पक्का करायचा असेल आणि कांपालच्या कला अकादमीत पियानो शिकणारं कोणी ओळखीचं असेल, तर बाखचं एखादं टू-पार्ट इन्व्हेन्शन (दोन स्वतंत्र सुरावटींची छोटी रचना) आधी डाव्या हाताने, मग उजव्या हाताने, मग दोन्ही हातांनी वाजवून दाखवायला सांगा. त्यानंतर ‘ऑन रिफ्लेक्शन’ ऐकलंत की सगळे धागे सुटे सुटे दिसतील. ‘ऑक्टोपस’ (१९७२) वरचं ‘नॉट्स’ त्यानंतर. ते पहिल्यांदा अंगावर येतं, तरी सोडू नका.

इतकी गुंतागुंत नको, गोडवा हवा असेल तर रेनेसान्स हा बँड. ॲनी हॅसलमचा स्वच्छ, उंच आवाज आणि जॉन टाउटचा पियानो. इलेक्ट्रिक गिटार जवळपास नाहीच. ‘टर्न ऑफ द कार्ड्स’ (१९७४) पासून सुरुवात करा. त्यातल्या ‘रनिंग हार्ड’च्या आरंभी जेहाँ आलँ या फ्रेंच रचनाकाराच्या ऑर्गनरचनेतला भाग आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘शेहेराझाद’मध्ये तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारी रचना आहे. तिथे ऑर्केस्ट्रा आहे, आणि तो उपरा वाटत नाही, कारण पियानोने आधीच त्याच्यासाठी जागा करून ठेवलेली असते.

इटलीकडे दुर्लक्ष करू नका. भाषा कळली नाही तरी चालतं. बान्को देल मुतुओ सोक्कोर्सोमध्ये दोन भाऊ, दोघेही कीबोर्डवर, आणि ऑपेराच्या थाटाचा गायक, त्यांचा ‘डार्विन!’ (१९७२) घ्या. न्यू ट्रोल्सचा ‘कॉन्चेर्टो ग्रोसो’ (१९७१) रचनाकार लुइस बाकालोव्हसोबत केलेला. त्याची पहिली बाजू बरोक (बाखच्या काळातल्या) वळणाची, फार सुंदर. दुसरी बाजू म्हणजे लांबलचक रॉक जॅम, तिची अपेक्षा वेगळी ठेवा.

विसाव्या शतकातलं, बार्टोक-स्त्राविन्स्कीच्या बाजाचं काही हवं असेल तर बेल्जियमचा यूनिव्हेर झेरो. बासून (खर्जातलं फुंकवाद्य), व्हायोलिन, ड्रम्स, आणि चक्क हार्मोनियम. संगीत काळोखं आहे, रात्री झोपण्यापूर्वी लावू नका. उलट ग्रिफॉनचा ‘रेड क्वीन टू ग्रिफॉन थ्री’ (१९७४) प्रसन्न, संपूर्ण वाद्यसंगीताचा.

स्वतः शोधताना अल्बमच्या पाठीवरची नामावली वाचा. ऑर्केस्ट्राचं लेखन बँडबाहेरच्या माणसाने केलं असेल तर जरा जपून. बँडमधलाच कोणी बासून, चेलो, ओबो वाजवत असेल, किंवा कीबोर्डवाला संगीत शाळेत शिकलेला असेल, तर तो अल्बम बिनधास्त घ्या. मेलोट्रॉन या कीबोर्डचं नाव दिसलं तर गैरसमज नको: व्हायोलिनांसारखं ऐकू येतं ते टेपवर ध्वनिमुद्रित केलेले सूर असतात, एकेका पट्टीखाली एकेक टेप, आठेक सेकंदांत संपणारी. त्यामुळे त्याचा आवाज सुंदर असला तरी रचनेबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि शोध १९७० ते १९७६ या काळापासून सुरू करा, सर्वात दाट पीक तिथेच आहे.

आधी ‘फर्थ ऑफ फिफ्थ’, मग ‘टर्न ऑफ द कार्ड्स’, मग ‘फ्री हँड’ असा क्रम ठेवा. यातलं काय रुचलं आणि काय नाही ते लिहा. फ्यूगचा नाद लागला तर पुढची नावं वेगळी, पियानोचा लागला तर वेगळी.