कर्जात आहे, मग प्रभुभोजन घेऊ का?

"ताई, हे दारू तर प्यायला लागले नसतील ना?"

रूथबाईंचा मला पहिला प्रश्न हा होता. (दोघांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची हरकत नाही.) नवापूर तालुक्यातलं गाव, चार एकर शेती, भात आणि तूर, दारात शेळ्या. मी मूळची धुळ्याची. दर शनिवारी नंदुरबारला एका चर्चच्या मागच्या खोलीत लोकांच्या अडचणी ऐकायला बसते, तिथे त्या एकट्याच आल्या होत्या.

संशयाचं कारण असं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि पेला घेण्याचा विधी. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. ट्रे हातोहात पुढे जातो. सलग तीन महिने त्यांनी बायांच्या बाजूने पाहिलं, की नवऱ्याने, याकोबदादांनी, पेला न उचलताच ट्रे शेजाऱ्याकडे सरकवला. ज्या माणसाने लग्नानंतर एकही प्रभुभोजन चुकवलं नाही, त्याने असं केल्यावर बायको दुसरं काय समजणार?

पुढच्या शनिवारी दादा आले. बराच वेळ रुमालाची घडी घालत, उलगडत बसले. मग म्हणाले, "रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय, आठवं वचन." पुढे काही नाही. मीही ख्रिस्ती घरातली, मला पुरेसं होतं. प्रीतीखेरीज कोणाच्या ऋणात राहू नका, असं ते बायबलमधलं वचन आहे. उपदेशात ते ऐकलं आणि त्यांनी स्वतःला शिक्षा ठोठावली. कर्जात आहे म्हणजे आज्ञा मोडतोय, आणि आज्ञा मोडणाऱ्याने पेल्याला हात लावू नये.

नवऱ्या-बायकोच्या भांडणाइतकाच हा प्रश्न माझ्याकडे येतो. कर्ज काढणं पाप आहे का, कर्ज असताना मंडळीत पुढे व्हावं का, दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला) आधी की हप्ता आधी. विचारणारा बहुतेक वेळा फोनवर विचारतो आणि "एका ओळखीच्याचं आहे" म्हणतो.

मी पाळक, म्हणजे मंडळीची धर्मगुरू, नाही. पण ते वचन त्याच्या आधीच्या सातव्या वचनासोबत वाचावं लागतं, एवढं मला कळतं. तिथे ज्याचं जे देणं असेल ते त्याला द्या असं आहे, कर असो की मान. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा रोख देणं बुडवण्यावर आहे. कर्ज घेणंच पाप असतं, तर येशूने उसनं मागणाऱ्याला पाठ दाखवू नका असं डोंगरावरच्या प्रवचनात कशाला सांगितलं असतं? आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत रोज म्हणतो ते काय? "तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." दादांनी हे लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं, पण त्यातला 'ऋण' शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. प्रभुभोजनाआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, असं पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. परीक्षा करून उठून जावं, असं नाही.

याचा अर्थ कर्ज चांगलं, असा मात्र अजिबात नाही. ऋणको धनकोचा दास होतो, हे बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात आहे, आणि आपल्या भागात ऊसतोडीची उचल घेऊन गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला ते वचन समजावून सांगावं लागत नाही.

"किती आहे एकूण?" मी विचारलं.

"दीडेक लाख असंल."

मी कोरी वही पुढे केली. शंभर पानी, शाळेची असते तशी. अशा लोकांनी एकूण बेरीज कधीच केलेली नसते, हा माझा अनुभव. बेरीज करायची भीती वाटते. दादा बोलत गेले, मी लिहीत गेले. थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी सोनेतारण, ६०,०००. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं, ८५,०००. मेव्हण्याकडून हातउसने ३०,०००. किराणा ६,४००. आणि मुलाच्या लग्नात मंडप, जेवण आणि डीजेसाठी एकाकडून घेतलेले ५०,०००, शेकडा पाचने. ऋण काढून सण, दुसरं काय. फीचं कर्ज आणि डीजेचं कर्ज मी एका रांगेत मोजत नाही, आणि तसं तोंडावर सांगितलंही. ते हसले नाहीत.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला २,५००, वर्षाला साठ टक्के. २२ महिने त्यांनी व्याज भरलं होतं. म्हणजे ५५,००० देऊन झाले आणि मुद्दल जागच्या जागी. या व्याजापायीच सोसायटी थकली. वेळेत फेडलं असतं तर ते पीककर्ज बिनव्याजी पडलं असतं. सगळ्यात स्वस्त कर्ज बुडवून सगळ्यात महाग कर्ज पोसत होते, कारण सोसायटी दारात येऊन उभी राहत नव्हती.

"आणि हा पैसे देणारा कोण?"

रुमाल पुन्हा सुरू झाला. "मंडळीतलाच. ट्रे त्याच्याच हातातून येतो, ताई."

मग मला कळलं. वचन तर होतंच, पण हात कोणाचा हेही होतं.

तिसऱ्या भेटीला दोघांना एकत्र बोलावलं. दादांनी वही उघडून बायकोसमोर सगळं वाचलं. मी रूथबाईंच्या रडण्याची वाट पाहत होते. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "त्यात माझे पण लिहा." बायांच्या गटातून घेतलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज. ४०,००० उचललेले, पैकी २८,००० बाकी. घेतले होते भावासाठी, भाऊ आता फोन उचलत नाही. पंधरवड्याचा हप्ता त्या अंडी विकून, मजुरीतून भरत होत्या. दोघं एकाच घरात, एकमेकांपासून लपवत, दोन वेगवेगळ्या सावल्यांना घाबरत होते. बेरीज २,५९,४०० झाली. दीडेक लाख नव्हे.

गटाचा वसुलीवाला संध्याकाळी साडेसातला येऊन खाटेवर बसतो, हेही तेव्हाच कळलं. हे चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार अशा कर्जाची वसुली सकाळी नवाच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर करता येत नाही, आणि ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी येता येतं. घरातले सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, हाही नियम आहे. रूथबाईंनी गटाच्या मीटिंगमध्ये वसुलीवाल्याला शांतपणे एवढंच विचारलं, "साहेब, घड्याळ किती वाजले दाखवतं?" दारात येणं बंद झालं. हप्ता अर्थात बंद झाला नाही.

बायबलमध्ये अलीशा या संदेष्ट्याकडे एक विधवा येते. सावकार तिची दोन मुलं दास म्हणून न्यायला आलेला असतो. संदेष्टा तिला आधी विचारतो, तुझ्या घरात काय आहे? मी हा प्रश्न धार्मिक नसलेल्यांनाही विचारते. कर्जातला माणूस काय नाही तेच मोजत असतो. इथे घरात निघालं ते असं: अकरा शेळ्या, भाव वाढेल म्हणून ठेवलेली तूर, आणि एक मोठ्या पडद्याचा टीव्ही. टीव्हीला गिऱ्हाईक मिळालं नाही. सहा शेळ्या ४१,५०० ला गेल्या, शेळ्या रूथबाईंच्या होत्या आणि निर्णयही त्यांचाच. उरलेले तुरीतून काढून पन्नास हजार उभे केले.

पैसे देण्याआधी पाळकांशी बोललो. आधी ते माझ्यावर जरा रागावले, उपदेशाला बोट लावलं असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी स्वतःच बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. दुष्काळात लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलेली, आणि आपल्याच भाऊबंदांकडून व्याज घेणाऱ्या श्रीमंतांवर त्यांचा पुढारी नहेम्या चिडलेला. तिथे शतांश परत करायला सांगितलं आहे, तो बहुतेक अभ्यासक महिन्याचा शेकडा एक असा धरतात. पाळकांनी बोटावर मोजलं. "शेकडा एकावर एवढा चिडला," म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.

सावकारीचा परवाना अर्थातच नव्हता. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली विनापरवाना व्याजाचा धंदा हा गुन्हा आहे, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते, हे मी दादांना सांगितलं. तक्रार करणं अख्रिस्ती नाही, हेही. त्यांना नको होतं. पाळक आणि एक वडीलधारे सोबत घेऊन ते त्याच्या घरी गेले. मी गेले नाही. ऐकलं ते असं, की तो तासभर बडबडला, अडचणीत मीच उभा राहिलो म्हणाला (आणि तेही खोटं नव्हतं), शेवटी चालू महिन्याचं व्याज सोडलं, मुद्दल घेतलं आणि स्टॅम्प पेपर व सही केलेला कोरा चेक परत दिला. आधीच्या ५५,००० मधला एक रुपयाही नाही. चेकचे तुकडे दादांनी चुलीत घातले.

एक गोष्ट माझ्याकडून उशिरा विचारली गेली. दशांश. या सगळ्या काळात दादा महिन्याला हजार रुपये पाकिटात घालत होते, कधीकधी मेव्हण्याकडून घेऊन. याबद्दल माझं मत सगळ्या पाळकांना पटत नाही, पण मी ते बदललेलं नाही. आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलं आहे. उसन्या पैशाचं अर्पण म्हणजे मेव्हण्याचं अर्पण. पाळकांनी दादांना सांगितलं, सध्या तूर निघेल तेव्हा पसाभर आण.

आता वहीत तीन नोंदी खोडलेल्या आहेत: तो पन्नास हजारांचा, किराणा आणि गट. मेव्हण्याचे दहा हजार गेले. सोसायटी आणि सोनं बाकी आहे, आणि रूथबाईंच्या भावाने अजून फोन उचललेला नाही. पेल्याचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात दादांचा फोन आला. बँक गाईसाठी कर्ज देते म्हणतात, घेऊ का?

"वही घेऊन या," म्हटलं. "आणि दोघं या."