कार्बन नॅनोट्यूबचा उत्प्रेरणात आणि रासायनिक विश्लेषणात खरंच उपयोग आहे का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का?

उपयोग आहे, विषयही जरूर घ्या. (नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, आणि उत्प्रेरण म्हणजे स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणं.) फक्त गाइडना आधी एवढं विचारून घ्या: "सर, नळ्यांतल्या लोखंडाचं काय करायचं?" उत्तरात "ॲसिडने धुतलं की जातं" असं आलं, तर दुसरा गाइड मिळतो का बघा.

तुम्ही लिहिलंय की नॅनोट्यूब लावलेल्या इलेक्ट्रोडवर हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायचं असं सरांनी सुचवलंय. एमएस्सीला मीही नेमकं हेच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पद्धत तुम्हाला माहीतच असेल. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ॲल्युमिनावर घासायचा, डीएमएफ या द्रावकात सॉनिकेट केलेल्या (ध्वनिलहरींनी मिसळलेल्या) मल्टिवॉल, म्हणजे अनेक पदरी, नळ्यांचा थेंब त्यावर सोडायचा, वाळू द्यायचा आणि फॉस्फेट बफरमध्ये सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजणं) घ्यायची. नुसत्या इलेक्ट्रोडवर जिथे रेघ सपाट असते तिथेच नळ्या लावल्यावर करंट झपकन चढायचा. सर खूश होते. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या क्रियेत पेरॉक्साइडच तयार होतं, त्यामुळे ग्लुकोज सेन्सरपर्यंतचे बेत झाले.

मग बाटली संपत आली आणि नवी मागवली. पुरवठादार तोच, लेबलवर व्यास तोच, लांबी तीच, शुद्धताही तीच छापलेली. करंट मात्र पार उतरला. सरांचं म्हणणं, तुझं पॉलिशिंग नीट होत नाही. जुन्या बाटलीच्या तळाशी थोडी पूड उरली होती, तीच घेऊन त्याच दिवशी, त्याच इलेक्ट्रोडवर पुन्हा सीव्ही घेतली. करंट आला. हात तोच, पॉलिशिंग तेच, म्हणजे फरक बाटलीतच होता.

आता हे समजून घ्या. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नळ्या सीव्हीडीने वाढवलेल्या असतात, म्हणजे लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलच्या अतिसूक्ष्म कणांवर तापलेला हायड्रोकार्बन वायू सोडून. नळी त्या कणावरूनच उगवते आणि कण तिच्या टोकाशी किंवा पोटात अडकून राहतो. मी दोन्ही बाटल्यांतली थोडी थोडी पूड वेगवेगळ्या क्रुसिबलमध्ये घेतली आणि मफल फर्नेसमध्ये हवेत जाळली. कार्बन जळून गेला. नव्या बाटलीच्या क्रुसिबलमध्ये तळाला जेमतेम डाग उरला. जुनीच्या क्रुसिबलमध्ये चक्क विटकरी राख होती, बोटाला लागेल इतकी. तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ती गरम करत विरघळवली, पातळ करून पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब टाकले आणि द्रावण लालभडक झालं. बारावीच्या प्रॅक्टिकलमधली फेरिकची टेस्ट! मग नळ्या न घेता नुसत्या ग्रॅफाइट पावडरीत चिमूटभर आयर्न ऑक्साइड खलून तो थर इलेक्ट्रोडवर लावला. पेरॉक्साइडचा करंट तिथेही चढला.

हे सगळं वहीसकट सरांसमोर ठेवलं. "आपण नायट्रिक ॲसिडने वॉश केलंय, लोखंड उरणारच नाही," हे त्यांचं पहिलं उत्तर. राख दाखवली तेव्हा म्हणाले, "रिव्ह्यूअरने विचारलं तर बघू." पेपर राखेविना गेला, त्यावर मी माझं नाव घालू दिलं नाही. प्रबंधाच्या परिशिष्टातला दोन क्रुसिबलचा फोटो काढून टाक असं सांगण्यात आलं, तो मी काढला नाही. इंटर्नलच्या गुणांत त्याचा हिशेब चुकता झाला. फोटो आजही त्या प्रबंधात आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

आणि मी काही जगावेगळं म्हणत नव्हते. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने 2006 मध्येच दाखवलं होतं की काही नॅनोट्यूब इलेक्ट्रोडवर दिसणारं 'उत्प्रेरण' हे नळ्यांचं नसून आत राहिलेल्या धातूच्या अशुद्धीचं आहे, आणि पेरॉक्साइडच्या बाबतीत ते काम आयर्न ऑक्साइडचे कण करतात. मार्टिन पुमेरा यांनी 2007 मध्ये छापलं की गरम नायट्रिक ॲसिडने धुऊनही धातूचे कण उरतात, कारण त्यांच्याभोवती ग्रॅफीनचे थर गुंडाळलेले असतात आणि ॲसिड आत पोचतच नाही. "वॉश केलंय" म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

दुसरी फसगत थराच्या जाडीची. नळ्यांचा जाड थर सच्छिद्र असतो. द्रावण त्यात अडकतं आणि त्या पातळ अडकलेल्या द्रावणाचं पीक (आलेखातला करंटचा उंचवटा) कमी पोटेन्शियलला सरकतं, जणू क्रिया सोपी झाली. लोक लगेच 'उत्प्रेरण' लिहून मोकळे होतात. स्कॅन रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) बदलून बघा: पीक करंट त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असेल तर रेणू बाहेरून विसरणाने येतायत, थेट प्रमाणात वाढत असेल तर थरात अडकलेल्या किंवा पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंचं ते काम आहे. हा एक आलेख नसलेला प्रबंध मी तरी वाचत नाही.

बरं, तुमचा मूळ प्रश्न. उत्प्रेरणात नळी बहुतेक वेळा आधार म्हणून वापरतात, धातूचे कण तिच्यावर बसवायचे. 1994 मध्ये रुथेनियम बसवून सिनॅमाल्डिहाइडचं हायड्रोजनीकरण केलं गेलं, सुरुवात साधारण तिथून. मला स्वतःला सगळ्यात देखणं वाटतं ते चीनमधल्या दालियानच्या गटाचं 2007 चं काम: ऱ्होडियमचे कण नळीच्या बाहेर न ठेवता आत ठेवले आणि सिनगॅसपासून (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणापासून) इथेनॉल बनण्याचा वेग दहापटीहून जास्त वाढला. धातू तोच, जागा वेगळी. इथे नळीला श्रेय दिलं तर माझी अजिबात हरकत नाही. 2009 मध्ये लिमिंग दाई यांच्या गटाने नायट्रोजन घातलेल्या उभ्या नळ्यांवर अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिजनचं क्षपण प्लॅटिनमपेक्षा सरस करून दाखवलं. 'धातूविरहित' म्हणवणाऱ्या अशा उत्प्रेरकांत राहिलेल्या धातूच्या लेशाचा वाटा किती, यावर पुढे बराच वाद झाला. तोच वाद!

विश्लेषणात तर आपल्या मुंबईचं नाव पहिल्या रांगेत आहे आणि एमएस्सीच्या मुलांना ते कोणी सांगत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ब्रिटो आणि संथानम यांनी अजयन यांच्यासोबत 1996 मध्ये नॅनोट्यूबच्या इलेक्ट्रोडवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं ऑक्सिडेशन छापलं. नळ्या ब्रोमोफॉर्ममध्ये कालवून इलेक्ट्रोड बनवला होता. नॅनोट्यूबवरचा इजिमा यांचा गाजलेला पेपर 1991 चा, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत. तुमच्या संदर्भयादीत हा पेपर पहिला हवा. याशिवाय पाण्यातलं बिस्फेनॉल-ए वगैरे प्रदूषक गोळा करायला सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शनमध्ये (पाणी घन पदार्थातून नेऊन हवा तो घटक त्यावर पकडायचा) नळ्या छान चालतात, आणि तिथे लोखंडाची कटकट बरीच कमी. पेरॉक्साइडचा आग्रह नसेल तर हा विषय मागून घ्या.

पेरॉक्साइडच करायचं ठरलं तर बाटली आली की सगळ्यात आधी थोडी पूड जाळून राख तोला. आयसीपीचे (धातू मोजायच्या महागड्या चाचणीचे) पैसे नसतील तरी मफल फर्नेस आणि थायोसायनेट बहुतेक कॉलेजांत असतं. आयर्न ऑक्साइड घातलेल्या ग्रॅफाइटचा कंट्रोल घ्या. दोन बॅचवर मोजा. आणि राखेचा फोटो प्रबंधाच्या मुख्य प्रकरणात टाका. परिशिष्टात टाकला की काढायला लावतात.

आता हेही सांगायला हवं: लोखंड असणं म्हणजे पाप नाही. सेन्सर चालत असेल तर चालतोय, फक्त श्रेय लोखंडाला द्या आणि प्रत्येक बॅचमध्ये ते किती आहे ते लिहा. ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये आर्क पाडून केलेल्या मल्टिवॉल नळ्यांना धातू लागतच नाही, पण त्या महाग पडतात आणि सोबत ग्रॅफाइटचा कचरा येतो. मी आता औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे, त्यामुळे अलीकडचं सगळं वाचलंय असा माझा दावा नाही.

आणि कोरडी पूड उघड्या टेबलावर तोलू नका. लांब, ताठ मल्टिवॉल नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह करतात असं 2008 मध्ये दिसलं, आणि त्यातल्या एमडब्ल्यूसीएनटी-7 या प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2बी गटात, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्यांत, टाकलंय. फ्यूम हूडमध्ये, चांगला मास्क आणि हातमोजे घालून तोला. एकदा डीएमएफमध्ये गेली की निदान पूड उडत नाही, पण डीएमएफ कातडीतून शरीरात जातं. म्हणून हातमोजे तेव्हाही काढू नका.