प्रकृती म्हणजे निसर्ग नव्हे

प्रश्न (गुहागर) : सांख्यांची प्रकृती म्हणजे आपला समुद्र, डोंगर, माडापोफळी, असंच ना?

उत्तर : नाही, तो तिचा पसारा. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनात मूळ प्रकृती अव्यक्त, म्हणजे न दिसणारी आहे. सत्त्व, रज, तम तिथे समतोल असतात. तोल ढळला की आधी महत् म्हणजे बुद्धी, मग अहंकार, त्यातून मन, दहा इंद्रियं नि पाच तन्मात्रा (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं), तन्मात्रांतून पंचमहाभूतं. प्रकृती धरून ही 24 तत्त्वं. पंचविसावा पुरुष, तो नुसता पाहणारा. तुमचा माड या यादीच्याही पलीकडे, पार शेवटी उगवतो! आणि बुद्धी, मन हे दोन्ही जडाच्याच बाजूला. नवशिके अडखळतात ते इथे. शरीर जड नि मन चेतन ही आपली सवय सांख्यांना मान्य नाही.

प्रश्न (शिरोडा) : जी दिसतच नाही, ती आहे कशावरून?

उत्तर : तुमच्या गावात मिठागरं आहेत. खाडीच्या पाण्यात मीठ कुणाला दिसतं? पाणी आटलं की खडे हाती येतात. अर्थात पाणी चाखता येतं, प्रकृती चाखता येत नाही. दाखला तेवढ्यापुरताच घ्या. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका, सांख्यांचा प्रमुख ग्रंथ, म्हणते, ती दिसत नाही ती सूक्ष्म म्हणून, नसते म्हणून नव्हे. तिच्या कार्यावरून ती कळते. यामागे सत्कार्यवाद आहे: कार्य कारणात आधीपासून असतंच. तेल हवं तर घाण्यात खोबरं घालतात, पुळणीवरची वाळू कुणी घालत नाही. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांना, हे पटत नाही. मडकं मातीत आधीच होतं तर कुंभाराने केलं काय, असं ते विचारतात. सांख्य म्हणतात, त्याने ते प्रकट केलं. मला हे उत्तर थोडं निसटतं वाटतं, पण वाळूचा मुद्दा खोडणं सोपं नाही.

प्रश्न (महाड) : गीतेतली अष्टधा प्रकृती नि दासबोधातली एकच का?

उत्तर : आकडा एक, हिशेब वेगळा. गीतेच्या सातव्या अध्यायात पंचमहाभूतं, मन, बुद्धी, अहंकार. समर्थांकडे पंचमहाभूतं नि तीन गुण. शिवाय गीता लगेच पुढच्या श्लोकात जीवालाही 'परा प्रकृती' म्हणते आणि दोन्ही ईश्वराच्या मानते. सांख्यकारिकेत ईश्वराला जागाच नाही.

प्रश्न (मालवण) : 'प्रकृती बरी नाही' म्हणतो, ती हीच?

उत्तर : शब्द तोच, पण अर्थ आयुर्वेदाच्या वाटेने आलेला. तिथे ती वात, पित्त, कफ यांवरून ठरणारी माणसाची जन्मजात घडण.