रात्रीचा रस्सा सकाळी उकळला तर चालतो का?

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रात्री उरलेला शेवभाजीचा रस्सा सकाळी खळखळून उकळला तर चालेल का, आणि पावसाळ्यात गावात गॅस्ट्रो सुरू झाला की हॉटेलात काय बदलायचं.

रात्रभर ओट्यावर राहिलेला रस्सा फेकूनच द्या. उकळीने जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्यांचं रूप, तग धरतात आणि पातेलं कोमट झालं की वाढायला लागतात. भातात वाढणारा एक जिवाणू तर असं विष सोडतो, जे पुन्हा उकळूनही जात नाही. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा. जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, म्हणजे ओट्यावरचा पदार्थ त्या पट्ट्यातून आपोआप बाहेर पडूच शकत नाही.

रस्सा ठेवायचाच असेल तर वीस लिटरचं पातेलं झाकून ठेवू नका, त्याचा मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये दोन इंचांचा थर ओता, ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, अधूनमधून ढवळा. दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर, पुढच्या चार तासांत ५ च्या खाली आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा आणि मध्यापर्यंत ७५ अंश होईल असा एकदाच तापवा. हाताने अंदाज घेऊ नका, सुईचा थर्मामीटर घ्या. माझं मत विचाराल तर वाटण फ्रिजमध्ये ठेवा आणि रस्सा लागेल तसा करा. शेव तर वाढतानाच पडते, त्यामुळे शेवभाजीला हे सहज जमतं.

आता पाणी. १,००० लिटरच्या टाकीला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता आणि तासभर थांबा. ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीत, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे, कमी दिसलं तर मात्रा वाढवा. उघड्या पुड्यातली पावडर निकामी होते. गच्चीवरची टाकी तापली की क्लोरीनही उडतं, म्हणून दुपारी पुन्हा तपासा.

भरीत करता ना? भाजलेली वांगी सोलताना चटका बसू नये म्हणून बोटं एकाच वाटीतल्या पाण्यात बुडवली जातात. पन्नास वांगी होईपर्यंत ते पाणी काळं पडतं आणि त्यातलं सगळं भरतात जातं. ते पाणी सारखं बदला. कांद्याची पात तर कच्चीच पडते, तिची मुळं कापून ती वाहत्या पाण्याखाली धुवा.

गॅस्ट्रो करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबणाने २० सेकंद हात धुणं हाच उपाय. कुणी उलटी केली तर जागा पुसून घ्या, मग लिटरभर पाण्यात ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) २० मिली घालून ते तिथे दहा मिनिटं राहू द्या. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आजारी माणसाला जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास घरीच ठेवा आणि त्या दिवसांचा पगार कापू नका. कापलात की पोरं दुखणं लपवतात आणि पोळ्या लाटायला येतात.